दारावरचा झेंडू : कुठून आला, कसा आपला झाला



यंदा अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळं सण पुढं गेलेत. दसरा २० ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. झेंडूचं रोप कधी टाकायचं याची चर्चा पारावर चालू होती. तेवढ्यात एका पोरानं मोबाईलवर आलेला मेसेज वाचून दाखवला. झेंडू हे परदेशी फूल आहे, शास्त्रात त्याला जागा नाही, तोरणाला आणि पूजेला वापरू नये, असं त्यात लिहिलं होतं. लगेच दुसरा म्हणाला, "तसंही आता प्लॅस्टिकची तोरणं मिळतात, एकदा घेतलं की पाच वर्षं चिंता नाही."

दोघांची घरं शेतीवर चालतात. एकाच्या तर रानात मागच्या हंगामात दहा गुंठे झेंडूच होता. मला वाटलं, यावर दोन शब्द नीट लिहावेत. मी काही इतिहासाचा अभ्यासक नाही, दहावी पास माणूस आहे. पण फुलाच्या शेतीत आता वीस-बावीस वर्षं झाली आणि वाचायची सवय आहे. दसरा-दिवाळीला आपण घर सजवतो, पाहुण्याला पुढं काही ठेवतो, त्यातली कुठली वस्तू कुठल्या रानातून आली हे शेतकऱ्याला माहीत असावं. कारण ती सजावट म्हणजेच आपला बाजार आहे.

झेंडू नव्हता तेव्हा दारावर काय होतं

पहिली गोष्ट, तोरण झेंडूपेक्षा फार जुनं आहे. आंब्याचा टाळा दारावर बांधणं ही चाल जुनी आणि आंबा हे झाड इथलंच. दसऱ्याला सोनं म्हणून वाटतो तो आपटाही इथलाच. आपल्या डोंगरउतारावर कमी पाण्यात वाढणारं झाड आहे ते.

घटस्थापना बघा. त्यात विकत घ्यावं असं जवळजवळ काही नाही. रानातली काळी माती आणायची, पत्रावळीवर किंवा परडीत पसरायची, त्यात घरचं धान्य पेरायचं, मधे पाण्याचा घट ठेवायचा आणि रोज एक माळ वर बांधायची. नऊ दिवसांत धान वर येतं. दसऱ्याला ते उपटून देवाला वाहायचं आणि गडी माणसांनी टोपीत, फेट्यात खोचायचं. मला तर ही आपल्या वाडवडिलांची बियाणं तपासायची रीतच वाटते. रब्बीच्या पेरणीच्या तोंडावर घरातलं बी उगवतंय का, किती उगवतंय, हे नऊ दिवसांत डोळ्यांपुढं दिसतं.

माळ कशाची? मावळात, घाटमाथ्यावर कारळ्याच्या पिवळ्या फुलांची. आमच्याकडं पुरंदरच्या माळरानावर तरवड फुललेला असतो, त्याच्या पिवळ्या फुलांची. कोकणात दाराला नवं बांधतात. भाताच्या लोंब्या, आंब्याचं पान, कुरडूचं फूल अशी एक जुडी. नवीन धान्य घरात आलं, त्याचा मान दाराला.

दिवाळीत अंगणात शेणाचे पांडव, गवळणी करायच्या आणि रानातली फुलं त्यांना खोचायची. रांगोळी शिरगोळ्याच्या दगडाची. दगड भाजून कुटायचा, चाळायचा. कोकणात तांदळाचं पीठ नाहीतर भाताच्या तुसाची पांढरी राख. आकाशकंदिलाला बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद. म्हणजे सजावटीचं सगळं सामान गावाच्या शिवारातलं, बाजारातून आणायचं ते कागद आणि खळ.

आता गंमत बघा. हे सगळं 'आपलं' म्हणतो, पण कारळा मूळचा इथिओपियाचा. घटात पेरतो ती ज्वारी आणि बाजरी यांचंही मूळ आफ्रिकेत. ती हजारो वर्षांपूर्वी इथं आली, म्हणून आपण विसरून गेलो. तेव्हा घटातही पाहुणे होतेच, फक्त त्यांना येऊन फार दिवस झाले होते.

झेंडूचं माहेर

झेंडूचं माहेर मेक्सिको. अमेरिका खंडातला देश. तिथं स्पॅनिश लोक यायच्या आधी ॲझ्टेक लोकांचं राज्य होतं. त्यांच्या नाहुआत्ल भाषेत या फुलाचं नाव सेम्पोआल्शोचित्ल. सेम्पोआल्ली म्हणजे वीस आणि शोचित्ल म्हणजे फूल. विसाचं फूल, म्हणजे पुष्कळ पाकळ्यांचं फूल. ॲझ्टेकांची मोजणी विसावर चालायची, जशी आपल्याकडं म्हातारी माणसं कोडीनं मोजायची. आजही मेक्सिकोत त्याला सेम्पासुचिल म्हणतात.

१५२१ साली स्पॅनिश फौजांनी ॲझ्टेकांची राजधानी घेतली. त्यानंतर बेर्नार्दिनो दे साहागुन नावाच्या एका स्पॅनिश पाद्र्यानं तिथल्याच माणसांना विचारून विचारून त्यांच्या चालीरीती, झाडंपाला, देवधर्म असा बारा भागांचा मोठा ग्रंथ तयार केला. तो सोळाव्या शतकातला ग्रंथ आज इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात आहे. त्यात या फुलाची नोंद आहे. म्हणजे हे फूल तिथं सणाचं आणि औषधाचं म्हणून आधीपासून होतं.

आजही मेक्सिकोत १ आणि २ नोव्हेंबरला मृतांचा दिवस पाळतात. नाव ऐकून वाटेल सुतक असेल, पण तसं नाही. आपल्या पितृपक्षाचा भाव आणि दिवाळीची सजावट एकत्र केली तर जसं होईल तसं ते आहे. घरातले गेलेले लोक त्या दिवशी घरी येतात अशी समजूत. घरात एक चौरंगासारखी मांडणी करतात, त्यावर गेलेल्यांचे फोटो, मेणबत्त्या, पाणी, फळं, त्या दिवसाचा खास पाव आणि त्या माणसाला आवडायचं ते जेवण. वर झेंडूची कमान. आणि रस्त्यापासून घरातल्या मांडणीपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट. रंगानं आणि वासानं आत्म्याला घर सापडावं म्हणून. मग शेजारीपाजारी, सोयरे येतात, खाणंपिणं होतं. २००८ साली युनेस्कोनं या सणाला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

आपल्याकडं पितरांना पान वाढतो, त्यात घरच्या गेलेल्या माणसाला आवडायचं ते करतो. त्यांच्याकडंही तेच. फुलाचं काम दोन्हीकडं एकच : येणाऱ्याला दार दाखवायचं. तिकडं येणारा पितर, इकडं येणारी लक्ष्मी.

जहाजातून आलेलं बी

स्पॅनिश लोकांनी हे बी युरोपात नेलं. तिथून ते उत्तर आफ्रिकेत पसरलं, इतकं की युरोपातल्या पुढच्या लोकांना वाटलं हे आफ्रिकेचंच फूल. म्हणून मोठ्या झेंडूला आजही बियाण्याच्या पाकिटावर 'आफ्रिकन' लिहिलेलं दिसतं आणि बुटक्याला 'फ्रेंच'. दोन्हीही मेक्सिको आणि त्याच्या आसपासचे. १७५३ साली लिनियस या स्वीडनच्या शास्त्रज्ञानं मोठ्या झेंडूला टॅजेटिस इरेक्टा हे शास्त्रीय नाव दिलं. कृषी महाविद्यालयाच्या पोरांना ते पाठ असेलच.

आपल्या देशात पोर्तुगीज १४९८ ला आले, गोवा त्यांनी १५१० ला घेतला. त्यांच्या जहाजांतून सोळाव्या शतकात आणि नंतर अमेरिकेतली पिकं इथं उतरली, त्यातच झेंडू. त्याआधी इथल्या माणसानं झेंडू बघितलेला असणं शक्यच नाही. जुन्या साहित्यात कमळ आहे, जाई आहे, चाफा आहे, अशोक आहे. झेंडू नाही. तेव्हा त्या मेसेजमधलं 'परदेशी' एवढं बरोबर आहे. पुढचं बरोबर नाही, त्याचं कारण सांगतो.

मूळ बघून फुलं बाजूला काढायची म्हटलं, तर शेवंती चीनची. लग्नाच्या वेणीतला, देवाच्या हारातला निशिगंध, ज्याला आपण गुलछडी म्हणतो, तोही मेक्सिकोचाच. देवळापुढचा पांढरा खुरचाफा अमेरिकेचा. ॲस्टर चीनचा. दसऱ्याच्या दिवशी मार्केटयार्डात जा आणि या सगळ्या पाट्या बाजूला ठेवा. काय उरतं बघा.

हे फूल इथंच का रमलं

हा प्रश्न मला शेतकरी म्हणून जास्त महत्त्वाचा वाटतो. बाहेरून बी तर शेकडो आली असतील, टिकली थोडी. झेंडू टिकला, नुसता टिकला नाही तर सणाचा मालक झाला. का?

नकाशा उघडून बघा. मेक्सिको शहर १९ अंश उत्तर अक्षांशाच्या जरा वर. मुंबई १९ अंशावर. पुणे साडेअठरावर. म्हणजे दिवस लहान-मोठा होण्याचं गणित दोन्हीकडं जवळजवळ सारखं. तिथलाही पाऊस साधारण आपल्यासारखा उन्हाळ्यानंतर सुरू होऊन ऑक्टोबरपर्यंत चालणारा. मोठा झेंडू हे दिवस लहान व्हायला लागले की फुलाकडं लवकर वळणारं झाड आहे. पावसावर वाढायचं आणि दिवस आखडले की फुलायचं, हे त्याच्या रक्तातच आहे. आपल्याकडं पाऊस सरतो, दिवस आखडतात, तेव्हाच काय येतं? नवरात्र, दसरा, दिवाळी. झेंडूला आपल्या सणाचं वेळापत्रक शिकवावं लागलं नाही, तो ते घेऊनच आला होता.

शिवाय फुलाचे गुण. एक, ते ओवलं की पाण्याशिवाय दोन-चार दिवस दम धरतं. तरवडाचं, कारळ्याचं फूल सकाळी माळलं की संध्याकाळी मान टाकतं. दोन, देठ नसला तरी सुईत बसतं, बोंड भरीव आहे. तीन, पानाच्या उग्र वासामुळं जनावर सहसा तोंड लावत नाही, तेव्हा बांधावर, परसात कुंपण नसलं तरी चालतं. चार, बी घरच्या घरी धरता येतं. वाळलेलं फूल चुरगाळून परसात टाकलं की पुढच्या पावसात रोप हजर. पाच, रंग. हळदीचा आणि केशराचा रंग आपल्याकडं आधीच शुभ होता. ते दोन्ही रंग एका झाडावर, तेही फुकट मिळाले.

म्हणजे कुणा राजानं फर्मान काढून झेंडू दारावर बांधायला लावला नाही. आयाबायांनी परसात लावला, उपयोगी वाटला, ठेवला. पिवळ्या माळेची जागा आधीपासून होती, त्या जागेवर जास्त टिकणारं पिवळं फूल आलं. रीत तीच राहिली, फूल बदललं.

पाहुण्याच्या ताटलीतही तेच

दाराचं झालं, आता आत या. दिवाळीला पाहुणा आला की आपण फराळाची ताटली पुढं करतो. त्यातला चिवडा घ्या. पोहे आपले, पण त्यातले शेंगदाणे दक्षिण अमेरिकेचे, मिरची अमेरिकेची. मक्याचे पोहे असतील तर मका मेक्सिकोचा. काजू ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी गोव्यात आणला. बटाट्याचा चिवडा असेल तर बटाटाही तिकडचाच. आणि आमच्या पुरंदरचं सीताफळ, ज्याच्यावर आमच्या तालुक्याचं नाव चालतं, तेही अमेरिकेचं फळ. नाव बघा काय दिलंय आपण त्याला! सीतेचं फळ. पाहुण्याला घरात घ्यायची याहून मोठी रीत दुसरी नसेल.

फराळाबद्दल आणखी एक सांगायचंय. आज करंजी, शंकरपाळी बाराही महिने दुकानात मिळते. आमच्या लहानपणी तेल-तूप-साखरेची चंगळ वर्षातून एकदाच. साखर रेशनवर मोजून मिळायची, म्हणून पुष्कळ घरांत गोडाला गूळ. १९७२ च्या दुष्काळात मी अगदीच तान्हा होतो, पण आई सांगायची की त्या दिवाळीला कढई चढलीच नाही. रेशनची लाल मिलो ज्वारी आणि दुष्काळी कामावरची सुकडी, एवढ्यावर घर चाललं. तरी दाराला आंब्याचा टाळा बांधला होता आणि दिवा लावला होता. "तेल कमी होतं म्हणून एकच पणती लावली, पण उंबऱ्यात लावली," असं ती म्हणायची. पाहुणा आला तर त्याला गुळाचा खडा आणि पाणी. पाहुण्यालाही कळायचं, तोही घरून तसाच आलेला असायचा.

अलीकडं २०२२ च्या दिवाळीला सरकारनं रेशनवर आनंदाचा शिधा दिला. १०० रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल. रवा, डाळ, साखर आपल्या शेतातली, पामतेल बाहेरचं. तळणाचं तेलही आपलंच असावं असं वाटत असेल तर करडई, भुईमूग, कारळा ही पिकं का मागं पडली याचा विचार झाला पाहिजे. ज्या कारळ्याच्या माळा घातल्या, तो कारळाच शिवारातून गेला. त्याबद्दल पुढं कधीतरी सविस्तर लिहीन.

परसातलं फूल, शेतातलं पीक

झेंडू पुष्कळ काळ परसातच होता. माझ्या आजीच्या वेळी झेंडू कुणी विकत घेत नव्हतं आणि विकतही नव्हतं. ज्याच्या परसात असेल त्याच्याकडून शेजारी ओंजळभर न्यायचे. शहरं वाढली, चाळी झाल्या, अंगण गेलं, परस गेलं, पण दार राहिलं. दाराला तोरण तर हवंच. तिथून झेंडू पीक झाला. मुंबईला दादरचा फूलबाजार, पुण्याला गुलटेकडीचं मार्केटयार्ड, दसऱ्याच्या आदल्या रात्री जाऊन बघावं. टेम्पोच्या रांगा आणि नुसता पिवळा-केशरी डोंगर.

बियाण्याचीही गोष्ट आहे. अमेरिकेत डेव्हिड बर्पी नावाचा बियाण्याचा मोठा व्यापारी होता. त्याला झेंडूचं वेड. त्यानं १९५४ साली जाहीर केलं की जो कोणी शुद्ध पांढरा झेंडू तयार करील त्याला १०,००० डॉलर देईन. लोक वर्षानुवर्षं बी पाठवत राहिले. शेवटी १९७५ साली ते बक्षीस आयोवा राज्यातल्या ॲलिस व्हॉंक नावाच्या बाईंना मिळालं. त्या काही शास्त्रज्ञ नव्हत्या. आपल्या बागेत दरवर्षी सगळ्यात फिक्कट फुलाचं बी निवडायचं, पुढच्या वर्षी तेच लावायचं, पुन्हा निवडायचं. एवढंच काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं. निवड पद्धत म्हणून पुस्तकात जे शिकवतात ते हेच. आपल्या आयाबायांनी ज्वारीच्या कणसातून बी निवडलं तेही हेच.

आपल्या देशात दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं पुसा नारंगी गेंदा आणि पुसा बसंती गेंदा हे वाण १९९५ मध्ये दिले. सरळ वाण, बी घरी धरता येतं. पुढं खासगी कंपन्यांचे संकरित वाण आले. फूल एकसारखं, घट्ट, वाहतुकीत टिकणारं, त्यामुळं बाजार त्यांचा झाला. पण रोप दरवर्षी विकत. पूर्वी सणाच्या फुलाचं बी मडक्यात असायचं, आता पाकिटात असतं. फायदा आहे, मी स्वतः संकरित लावतो. पण चार सऱ्या सरळ वाणाच्याही ठेवतो आणि बी धरतो. ती सवय मोडू नये असं मला वाटतं.

तिथीचं फूल

आता आपल्या खिशाचा विषय. मेक्सिकोतल्या शेतकऱ्याचा आणि आपला एक मोठा फरक आहे. त्यांचा सण २ नोव्हेंबर म्हणजे २ नोव्हेंबर. वडिलांनी ज्या आठवड्यात लागवड केली त्याच आठवड्यात मुलानं केली तरी फूल वेळेवर. मेक्सिको शहराच्या कडेला सोचिमिल्कोचे शेतकरी पाण्यातल्या वाफ्यांवर कुंड्यांत झेंडू वाढवतात, त्यांचं सगळं नियोजन त्या एका तारखेवर.

आपला सण तिथीवर. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणजे इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे ११ दिवस लहान. सण दरवर्षी अलीकडं सरकतो आणि अधिक महिना आला की एकदम पुढं उडी मारतो. हे बघा :

२०२३ — दसरा २४ ऑक्टोबर (त्या वर्षी अधिक श्रावण होता)
२०२४ — १२ ऑक्टोबर
२०२५ — २ ऑक्टोबर
२०२६ — २० ऑक्टोबर (यंदा अधिक ज्येष्ठ)

म्हणजे मागच्या वर्षीच्या तारखेनं यंदा लागवड केली तर फूल १८ दिवस आधी तयार. पहिला बहर पितृपक्षाच्या मागंपुढं निघून जाणार आणि दसऱ्याला झाड दमलेलं असणार. उलट अधिक मास नसलेल्या वर्षी जुनी तारीख धरली तर दसरा होऊन गेल्यावर मळा फुलतो. पंचांग ही आपल्या धंद्यातली कामाची वस्तू आहे, नुसती मुहूर्ताची नाही.

माझा हिशोब असा असतो. साधारण २५-३० दिवसांचं रोप लावायचं. वाणाप्रमाणं लागवडीपासून ४५ ते ६० दिवसांत तोडा सुरू होतो. शेंडा खुडला तर फांद्या वाढतात, पण पहिलं फूल काही दिवस मागं जातं, ते दिवस धरावे लागतात. दसरा २० ऑक्टोबरला म्हणजे ऑगस्टच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एक लागवड आणि दिवाळीसाठी दोन-अडीच आठवड्यांनी दुसरी. एकाच दिवशी सगळं रान लावायचं नाही.

याचं कारण बाजार. घराची सजावट हे असं गिऱ्हाईक आहे जे वर्षात दोन-तीन दिवसच येतं आणि सगळं एकदम येतं. एका दसऱ्याला माझ्या डोळ्यांदेखत आदल्या दिवशी पहाटे ८० रुपये किलोनं गेलेलं फूल दसऱ्याच्या दुपारी १० रुपयांनाही कुणी विचारत नव्हतं. संध्याकाळी रस्त्याच्या कडेला ढीग टाकून पोरं रिकाम्या टेम्पोनं घरी. सकाळी ज्याला सोनं म्हणतात ते संध्याकाळी कचरा. सण फुलाचा असला तरी भाव घड्याळाचा आहे. म्हणून आम्ही चार घरांनी मिळून काही माल थेट गावातल्या आणि जवळच्या शहरातल्या सोसायट्यांना ओवलेल्या तोरणाच्या रूपात द्यायला सुरुवात केली. आंब्याची पानं बांधावरची, झेंडू रानातला, ओवायला घरातल्या बायका. किलोच्या भावापेक्षा तोरणाचा भाव संध्याकाळपर्यंत टिकतो, हा आमचा अनुभव.

प्लॅस्टिकचं तोरण

आता त्या दुसऱ्या पोराच्या बोलण्याकडं येतो. २०१८ साली राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी आली, गणपतीची थर्माकोलची मखरं त्यात गेली. पण प्लॅस्टिकची फुलं अजून प्रत्येक आठवडे बाजारात लटकलेली दिसतात. खेड्यातल्या घरांच्या दारावरही. ज्याच्या रानात झेंडू आहे त्याच्याही दारावर मी बघितलंय, कारण सगळा झेंडू मार्केटला गेला.

मी कुणाच्या दारावर बोट ठेवत नाही. पैशाची, वेळेची अडचण प्रत्येकाला असते. पण हिशोब सांगतो. प्लॅस्टिकचं तोरण एकदा घेतलं की पाच वर्षं एका घराचं गिऱ्हाईक गेलं. त्यात शेतकऱ्याला, तोडणाऱ्या मजुराला, ओवणाऱ्या बाईला एक रुपया नाही. खरं तोरण उतरलं की शेणखतात जातं. प्लॅस्टिकचं उतरलं की ओढ्यात.

झेंडू बाहेरून आला आणि आपला झाला, मग प्लॅस्टिकही होईल की, असं कुणी म्हणेल. माझं उत्तर सरळ आहे. झेंडूला आपण पेरला, पाणी दिलं, बी धरलं, नाव दिलं. जे आपल्या मातीत उगवतं आणि मातीत परत जातं ते आपलं होतं. प्लॅस्टिक उगवतही नाही आणि कुजतही नाही.

सण झाल्यावर

कृषी विभागाची मंडळी हे पान वाचतात म्हणून शेवटी कामाचं. झेंडूचं काम दारावर संपत नाही. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९५० च्या दशकात झेंडूच्या मुळातला सूत्रकृमी मारणारा घटक शोधून काढला, अल्फा-टरथिनाइल त्याचं नाव. पण बांधावर चार झाडं लावून सूत्रकृमी जात नाहीत. त्या रानात दोन-तीन महिने दाट झेंडूच असावा लागतो, आणि परिणाम वाण कुठला आणि सूत्रकृमी कुठला यावरही ठरतो. दिवाळीनंतर झाडं उपटून बांधावर फेकू नका, तिथंच गाडा.

दुसरं, टोमॅटोतल्या फळ पोखरणाऱ्या अळीसाठी सापळा पीक. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची शिफारस आहे : टोमॅटोच्या १६ ओळींना झेंडूची १ ओळ. झेंडूचं रोप ४५ दिवसांचं आणि टोमॅटोचं २५ दिवसांचं घेऊन एकाच वेळी लावायचं, म्हणजे दोन्ही एकदम फुलावर येतात आणि पतंग अंडी घालायला झेंडूकडं जातो. हे साधं आहे, पण वय जुळलं नाही तर उपयोग होत नाही.

तेव्हा त्या मेसेजवाल्या पोराला मी एवढंच सांगितलं : तुझ्या घटातली ज्वारी, ताटातली मिरची, चिवड्यातला शेंगदाणा आणि दारातला झेंडू, सगळे कधी ना कधी बाहेरून आलेले. पाहुण्याला उंबऱ्याच्या आत घेणं हाच तर दिवाळीचा रिवाज आहे. यंदा तोरण खऱ्या फुलाचं बांधा. स्वतःच्या रानात नसेल तर शेजाऱ्याच्या रानातलं घ्या, रोख पैसे देऊन घ्या.

तुमच्याकडं घटाला कुठल्या फुलाची माळ घालतात, नव्याच्या जुडीत काय काय बांधतात, ते गाव-तालुक्यासकट जरूर लिहा. आमच्या भागात तरवड अजून आहे, कारळा मात्र शोधावा लागतो. कुणाकडं कारळ्याचं घरचं बी असेल तर कळवा. पावशेर मिळालं तरी चार सऱ्या लावीन.

राम राम.